मोबाईल नोकराचा, जोखीम पेढीची

आमच्या कापड बाजारात एक काळ असा होता की, पेढीवरच्या टेलिफोनच्या डायलला छोटेसे कुलूप लावलेले असे. बाहेरून फोन यावेत, पण शेठला विचारल्याशिवाय कोणी बाहेरगावी एसटीडी लावू नये, एवढाच त्यामागचा हेतू. किल्ली मुनीमजींच्या खिशात असायची. आज त्याच पेढीवर सहा माणसे काम करीत असतील, तर सहा मोबाईल आहेत आणि प्रत्येकात पेढीचा काही ना काही ऐवज पडलेला आहे. कुणाच्या मोबाईलमध्ये बिलांचे फोटो, कुणाच्या मोबाईलमध्ये पार्ट्यांचे पत्ते आणि उधारीच्या याद्या, तर कुणाच्या नंबरवर बँकेचा ओटीपी. टेलिफोनच्या बिलाची एवढी काळजी घेणाऱ्या आपण व्यापाऱ्यांनी या सहा दरवाजांना मात्र साधी कडीसुद्धा लावलेली नाही.

हा विषय कॉम्प्युटरवाल्यांचा आहे, आपला नाही, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. मीही तसेच समजत होतो. त्याची किंमत मला पैशात मोजावी लागली आणि पैशापेक्षा मोठ्या गोष्टीतही मोजावी लागली. म्हणून आधी घडले ते सांगतो.

२०२४ च्या मार्चअखेरची गोष्ट. भिवंडीत आमचा ग्रे कापडाचा व्यवहार आहे. सूत घ्यायचे, यंत्रमागवाल्यांना द्यायचे आणि ताके तयार झाले की प्रोसेसला किंवा मुंबईच्या पार्टीला पाठवायचे. सुताच्या एका जुन्या पार्टीचे ४ लाख ८० हजार रुपये द्यायचे होते. वर्षअखेरीची गडबड चालू असताना मुनीमजींच्या मोबाईलवर त्या पार्टीच्या नावाने, तिच्याच लेटरहेडवर एक पत्र आले. आमचे नेहमीचे खाते ऑडिटसाठी तात्पुरते बंद आहे, तरी रक्कम खालील खात्यात भरावी, असा मजकूर. बिलांचे नंबर बरोबर होते, तारखा बरोबर होत्या, इतकेच नव्हे तर खराब निघालेल्या दोन पेट्यांची जी वजावट तोंडी ठरली होती, तीही वजा करून आकडा लिहिलेला. मुनीमजींनी मला विचारले. मी दुसऱ्या पार्टीशी बोलत होतो. पत्रावर नजर टाकली आणि म्हणालो, "पाठवून द्या."

चौथ्या दिवशी खऱ्या पार्टीचा तगादा आला. नेहमीचे खाते बंद नव्हते आणि असे पत्रही त्यांनी पाठवले नव्हते.

आता ही आतली माहिती बाहेर गेली कशी? बिले, वजावट, देण्याची तारीख हे सगळे मला आणि मुनीमजींनाच ठाऊक, असे मी धरून चाललो. एकोणीस वर्षे ज्या माणसाच्या हातात तिजोरीची चावी होती, त्याच्यावर मी शक घेतला. तोही चार पोरांच्या देखत. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पैसे पाठवा, असे मीच सांगितले होते, हे त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाही. मुनीमजींनी चाव्या गादीवर ठेवल्या आणि एवढेच म्हणाले, "शेठ, एकोणीस वर्षांचा हिसाब तपासून घ्या." आणि पायऱ्या उतरून गेले.

तीन आठवड्यांनी खरा प्रकार उघडकीस आला. माल रवाना करणारा आमचा पोरगा आपल्या मोबाईलची काही तक्रार घेऊन माझ्या भाच्याकडे गेला होता. भाच्याने त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर तिथे एक अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला. महिनाभरापूर्वी पोराला ओळखीच्या एका नंबरावरून निरोप आला होता की, माझी भाची चित्रकला स्पर्धेत आहे, तिला मत द्या. मत देण्यासाठी त्याने आपला नंबर लिहिला, समोरून आठ अक्षरांचा कोड आला, तो त्याने सांगितल्याप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भरला. ते मत नव्हते. त्याने आपल्या व्हॉट्सअ‍ॅपचा दरवाजा चोराला उघडून दिला होता. त्या दिवसापासून चोर गुपचूप बसून सगळे वाचत होता. आणि वाचण्यासारखे तिथे भरपूर होते. "बिल-चलन" नावाचा एक ग्रुप मीच काढला होता, त्यात मुनीमजींपासून टेम्पोवाल्यापर्यंत सर्वांना घेतले होते. पेढीची सगळी बिले, वजावटी, पार्ट्यांचे खाते नंबर त्यात रोज पडत होते.

मी मुनीमजींच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, माफही केले. पण तोपर्यंत ते दुसऱ्या पेढीवर बसू लागले होते. ते परत आले नाहीत. पैशांपैकी थोडी रक्कम बँकेत गोठवली गेली ती मिळाली, बाकीची चार दिवसांत निघून गेली होती.

दोष कोणाचा?

पोराला मी रागावलो तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "शेठ, मोबाईल माझा आहे. तुम्हीच म्हणालात, तुझ्याकडे आहे ना, त्यावरच चालव." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दुकानासाठी वेगळा मोबाईल घेतला असता तर दहा हजारांच्या आत काम झाले असते. ते वाचवण्यासाठी मी पेढीचा कारभार एका पंधरा हजार पगाराच्या मुलाच्या खासगी मोबाईलवर टाकला. त्या मोबाईलवर तो गाणी ऐकतो, घरची लहान मुले गेम खेळतात, नाना ठिकाणचे निरोप येतात. तो मोबाईल सांभाळण्याची जबाबदारी त्याची, पण पेढीचा माल त्यात टाकण्याचा निर्णय माझा होता.

मोठ्या कंपन्यांत या पद्धतीला इंग्रजीत "ब्रिंग युवर ओन डिव्हाइस" म्हणतात, म्हणजे आपापले उपकरण घेऊन कामावर या. त्यांच्याकडे त्यासाठी नियम असतात, माणसे नेमलेली असतात. आपल्या बाजारात हीच पद्धत विनानियम आली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद झाले, तेव्हा ज्याच्या हातात जो मोबाईल होता त्यावर धंदा चालवण्याशिवाय इलाज नव्हता. ती वेळ गेली, बाजार उघडले, पण पेढीचा कारभार मात्र परत पेढीवर आला नाही. तो नोकरांच्या खिशातच राहिला. माझे स्पष्ट मत असे आहे की, या जोखमीचा पहिला जबाबदार मालक आहे, नोकर नव्हे. आणि ती कमी करण्याचा उपाय नोकराचा मोबाईल तपासणे हा नसून, त्याच्या मोबाईलमधून आपला धंदा बाहेर काढणे हा आहे.

जोखीम येते कुठून?

पहिली वाट वाय-फायची. बहुतेक दुकानांत एकच राऊटर असतो. त्यावर टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी, सर्व नोकरांचे मोबाईल आणि आलेल्या पार्टीचा मोबाईलही जोडलेला असतो. पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. शिवाय दोन टेबलांवर काम व्हावे म्हणून टॅलीचा डेटा असलेले फोल्डर आपण शेअर करून ठेवतो, त्याला पासवर्ड नसतो. म्हणजे त्या वाय-फायवर शिरलेले कोणतेही बिघडलेले उपकरण आपल्या खातेवहीच्या दारापर्यंत पोहोचू शकते. लाईट किंवा इंटरनेट गेले की उलट प्रकार होतो. पोरगा आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि पेढीचा कॉम्प्युटर त्याच्या मोबाईलमधून बाहेर पडतो. काही ठिकाणी तर मोबाईल चार्ज करण्यासाठी टॅलीच्या कॉम्प्युटरलाच वायर लावलेली असते.

एक नेटवर्क म्हणजे काय, याचा अनुभव निर्यातीच्या व्यापाऱ्यांनी जून २०१७ मध्ये घेतलेला आहे. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कॉम्प्युटरांत पसरला. तिचे न्हावाशेवा येथील टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी सांगितले. ते प्रकरण मोबाईलमुळे घडले नव्हते हे खरे. पण शिरकाव युक्रेनमध्ये आणि कंटेनर अडकले आपल्या बंदरात, एवढी लांब मजल एका नेटवर्कमुळे मारता येते. आपल्या दुकानात तर सगळे एकाच खोलीत आहे.

दुसरी वाट निरोपांची. लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असते. ते मोबाईलमध्ये बसले आणि त्याला मेसेज वाचण्याची परवानगी दिली की आलेले ओटीपी चोराकडे जाऊ लागतात. लग्नपत्रिकेच्या या फसवणुकीबाबत २०२४ च्या अखेरीस पोलिसांनी इशारे दिले होते. आमच्या पोराला कोडाने फसवले, दुसऱ्याला पत्रिकेने फसवतील. नाव बदलते, रीत तीच.

तिसरी वाट ओटीपीची. पूर्वी सहीला आणि शिक्क्याला जो मान होता, तो आज मोबाईल नंबराला आहे. बँकेचा व्यवहार नंबरावर, जीएसटीचे पोर्टल नंबरावर. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइससाठी दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली. जानेवारी २०२५ पासून २० कोटींवरच्या उलाढालीला, आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत बाकी सर्व करदात्यांना ती लागू करण्याचे ठरले. ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु आपल्याकडे नोंदणी करताना कोणाचा नंबर दिलेला आहे, हे किती शेठना सांगता येईल? कुठे जुन्या मुनीमाचा, कुठे कर सल्लागाराच्या कारकुनाचा, कुठे पुतण्याचा. तो माणूस नोकरी सोडून जातो आणि पेढीचा शिक्का त्याच्या खिशात राहतो.

चौथी वाट निरोप घेणाऱ्या नोकराची. तो बेईमान असेलच असे नाही. पण पाच वर्षांच्या पार्ट्यांची यादी, भाव, उधारी हे सर्व त्याच्या मोबाईलमध्ये राहते. नवीन मालकाने विचारले तर त्याने काय करावे? आपणच त्याला या परीक्षेत ढकलतो. आणि त्याचा मोबाईल हरवला किंवा विकला गेला, तर ती यादी कोणाच्या हाती पडेल याचा पत्ता नाही.

मोठ्यांचीही तीच गत

आपण लहान व्यापारी, आपल्याकडे कोण येणार, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मोठ्यांकडे पहारेकरी आहेत, म्हणून चोर त्यांच्याकडेही खासगी उपकरणाच्या वाटेनेच जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर या कंपनीच्या आतल्या व्यवस्थेत एक चोर शिरला. कंपनीने नंतर सांगितले त्याप्रमाणे, तिच्या एका कंत्राटदाराच्या खासगी उपकरणात व्हायरस गेला होता आणि त्यातून त्याचा कामाचा पासवर्ड चोरबाजारात विकला गेला असावा. चोर तो वापरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहिला, कंत्राटदाराच्या मोबाईलवर मंजुरीच्या विनंत्या येत राहिल्या आणि अखेर त्याने एकदा मंजुरी दिली. त्याच वर्षी पासवर्ड सांभाळण्याचाच धंदा करणाऱ्या लास्टपास या कंपनीची चोरी झाली. तिच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर करमणुकीचे एक सॉफ्टवेअर होते, त्यातील दोषाचा फायदा घेऊन चोराने त्याचा मुख्य पासवर्ड टिपला. ज्यांचे कामच कुलपे विकण्याचे, त्यांच्या घरात चोर घरच्या कॉम्प्युटरमधून शिरला.

लहान पेढीकडे येणारा चोर पेढीचे नाव पाहून येत नाही. तो हजारो नंबरांवर तीच पत्रिका, तोच कोड पाठवतो. जो उघडेल तो त्याचे गिऱ्हाईक. मग त्या मोबाईलमध्ये काय आहे ते तो सवडीने पाहतो. माझ्याकडे चोर मला शोधत आला नव्हता, त्याला मी वाटेत सापडलो.

दोन चुकीचे उपाय

अशा वेळी काही मालक एकदम टोकाला जातात. दुकानात मोबाईल बंद, दारात टोपली ठेवा आणि सर्वांनी मोबाईल त्यात टाका. कारखान्यात, जिथे यंत्रावर हात सापडण्याचा धोका आहे, तिथे हे समजू शकते. पण ज्या दुकानात पार्टीचा फोन, टेम्पोचा ठावठिकाणा, बँकेचा ओटीपी सगळे मोबाईलवरच येते, तिथे ही बंदी आठ दिवससुद्धा टिकत नाही. नवव्या दिवशी शेठ स्वतःच म्हणतो, "अरे, जरा फोन काढ आणि फोटो पाठव."

दुसरे मालक नोकराचा मोबाईल मागून घेतात आणि चाळतात. काही जण त्यात पाळत ठेवणारे अ‍ॅप टाकण्याच्या गोष्टी करतात. हे सरळ सरळ गैर आहे. त्या मोबाईलमध्ये त्याच्या घरच्यांचे फोटो आहेत, बायकोचे निरोप आहेत, आजाराचे कागद आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो दावा सरकारविरुद्धचा होता, हे मान्य. तथापि माणसाची आब सांभाळण्याचे तत्त्व दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही. आणि व्यवहाराचे बोलायचे तर, ज्याचा मोबाईल आपण हिसकावून चाळतो, तो आपली चूक आपल्याला कधीच सांगणार नाही.

भरोसा पुरे, मग हे सगळे कशाला, असेही काही जुने व्यापारी म्हणतात. भरोसा हा आपल्या बाजाराचा पाया आहे, यात वाद नाही. परंतु माझ्या बाबतीत काय झाले? पद्धत नव्हती, म्हणून नुकसान होताच भरोसाच पहिला तुटला. रोजमेळ आपण रोज मिळवतो तो मुनीम चोर आहे म्हणून नव्हे. रोजमेळ मिळालेला असला की त्याच्यावर कोणी बोट दाखवू शकत नाही, म्हणून. पद्धत ही इमानदार माणसाची ढाल असते.

करायचे काय?

पुढे जे सांगतो ते मी माझ्या पेढीवर केलेले आहे. त्यासाठी इंजिनिअर नेमावा लागला नाही.

सर्वांत आधी पेढीचा मोबाईल आणि पेढीचा नंबर. एक साधा नवा मोबाईल, पेढीच्या नावाचे सिम, त्यावर पेढीचे व्हॉट्सअ‍ॅप. बिले, चलने, पार्ट्यांशी बोलणे फक्त त्यावर. रात्री तो मोबाईल दुकानातच राहतो. जुना, अपडेट बंद झालेला मोबाईल यासाठी देऊ नये. त्यातल्या फटी बुजवल्या जात नाहीत. बँक, जीएसटी, ई-वे बिल या सर्व ठिकाणी पेढीचा किंवा मालकाचा नंबर नोंदवावा. ई-वे बिल काढणाऱ्या माणसासाठी त्या पोर्टलवर सब-यूजर म्हणून वेगळे खाते काढून देता येते. मुख्य पासवर्ड त्याला देण्याची गरज नाही.

दुसरे, वाय-फायचे दोन भाग करावेत. बहुतेक नव्या राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क चालू करण्याची सोय असते. इंटरनेट लावणाऱ्या माणसाला सांगितले तर तो थोड्या वेळात करून देतो. त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. आलेल्या पार्टीला आपण गादीवर बसवतो, चहा देतो, पण गोदामाची चावी देत नाही. नोकराच्या मोबाईलला इंटरनेट हवे असते, आपल्या टॅलीच्या कॉम्प्युटरची त्याला गरज नसते. म्हणून सर्वांचे मोबाईल, पार्टीचा मोबाईल हे गादीवर, म्हणजे पाहुण्यांच्या नेटवर्कवर. टॅली, प्रिंटर आणि पेढीचा मोबाईल आत. राऊटरचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावा, कॅमेऱ्यांच्या पेटीचाही. शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड लावावा. आणि चार्जिंगसाठी भिंतीवर एक वेगळा बोर्ड बसवावा, म्हणजे टॅलीच्या कॉम्प्युटरला मोबाईल लावण्याचे कारण उरत नाही.

तिसरे, पैशांचा नियम. ज्या पार्टीचा खाते नंबर बदलल्याचा निरोप येईल, तिला पैसे पाठवण्याआधी फोन करायचा. तोही निरोपात दिलेल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीत जुना लिहिलेला आहे त्यावर. आवाज ओळखीचा असला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस व एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे बँकांना सांगितले होते. ती वापरावी. खाते नंबर टाकल्यावर जे नाव दिसते, ते पार्टीचे नसेल तर तिथेच थांबावे. बँकेत व्यवहार टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी व्यवस्था मागून घ्यावी. मंजूर करणाऱ्याने तरी पार्टीशी गप्पा मारता मारता मंजुरी देऊ नये. ही सूचना मी आधी स्वतःला करतो.

चौथे, महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, प्रत्येकाने आपला मोबाईल आपल्याच हातात धरून व्हॉट्सअ‍ॅपमधील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. अनोळखी काही दिसले तर तिथेच काढून टाकावे. मालकाने मोबाईल हातात घेऊ नये, फक्त आठवण करून द्यावी.

पाचवे, टॅलीचा बॅकअप. रोज एक, आणि आठवड्याला एक असा की जो घेतल्यावर कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवला जातो. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेला बॅकअप कॉम्प्युटरबरोबरच बुडतो.

सहावे, निरोपाचा दिवस. नोकर सोडून जाताना ज्या दिवशी त्याचा हिसाब चुकता होतो, त्याच दिवशी ग्रुपमधून नाव काढणे, वाय-फायचा आतला पासवर्ड, टॅली, बँक व पोर्टलवरचे त्याचे अधिकार बंद करणे हे उरकावे. हे त्याच्या समोर आणि हसतमुखाने करावे. त्यात अपमान नाही. उद्या काही घडले तर त्याच्यावर शक येणार नाही, ही त्यालाही मोकळीक आहे. मोबाईल हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. तो वहीत आधीच लिहून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम

आता जो नियम सांगतो तो सर्वांत स्वस्त आहे आणि मालकाला सर्वांत जड जातो. जो नोकर आपली चूक स्वतःहून ताबडतोब सांगेल, त्याला रागावायचे नाही आणि त्याचा पगार कापायचा नाही.

आमच्या पोराने मला नंतर सांगितले की, त्या दिवशी मोबाईलवर नवीन उपकरण जोडले गेल्याची सूचना त्याला दिसली होती. त्याला खटकलेही होते. पण शेठ ओरडेल म्हणून तो गप्प राहिला. त्याने तेव्हाच सांगितले असते तर दोन मिनिटांत ते उपकरण काढून टाकता आले असते, माझे पैसे वाचले असते आणि मुनीमजी आज आमच्या गादीवर असते. पुढेही पहा. पैसे गेल्यावर १९३० या नंबरावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तो ते लगोलग दहा ठिकाणी फिरवतो. मी चौथ्या दिवशी फोन केला. पहिले तीन दिवस मला माहीत नव्हते आणि चौथ्या दिवसाची सकाळ मी मुनीमजींवर ओरडण्यात घालवली.

हे नियम एका कागदावर लिहून काढावेत, नोकरांना समजेल अशा भाषेत. त्यात मालकाची बाजूही लिहावी की, आम्ही तुमचा खासगी मोबाईल तपासणार नाही, पेढीच्या कामासाठी तो मागणार नाही, आणि नाइलाजाने वापरावा लागला तर त्याचे रिचार्ज आम्ही देऊ. दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.

कायद्याचे म्हणाल, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळण्याची योग्य व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही. पण माहिती नोकराच्या मोबाईलमध्ये होती, हे उत्तर पुरे पडणार नाही, एवढे नक्की.

कायदा आपल्यापर्यंत यायचा तेव्हा येवो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट साधी आहे. पार्टी आपल्याला तिचा पत्ता देते, खाते नंबर देते, उधारीची अडचण सांगते, ते तिने आपल्या भरवशावर ठेवलेले असते. ती अमानत आहे. आपण ती एका मुलाच्या खिशात टाकून मोकळे झालो आणि हरवल्यावर त्याच मुलाला, किंवा भलत्याच माणसाला, चोर ठरवले.

तरी माझी व्यापारी बंधूंना विनंती आहे की, येत्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तासभर पेढीवर बसावे. बँक आणि जीएसटीला कोणाचा नंबर दिलेला आहे ते पाहावे, वाय-फायवर कोण कोण जोडलेले आहे ते पाहावे, आणि बिलांच्या ग्रुपमध्ये किती माणसे आहेत ते मोजावे. माझ्या ग्रुपमध्ये सतरा निघाली. त्यांपैकी चौघे केव्हाच नोकरी सोडून गेले होते.